चौदा वर्षांत ४५ किलोमीटर! मंगळावरचे रोव्हर इतके रेंगाळतात कशाला?

धूळवारा

ऑपॉर्च्युनिटी हा रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरला. जून २०१८ मध्ये त्याचा आवाज बंद झाला. मधल्या चौदा वर्षांत तो चालला ४५.१६ किलोमीटर. धडधाकट माणूस दोन दिवसांत पायी कापेल एवढं अंतर! हा आकडा सांगितला की समोरचा आधी हसतो आणि मग त्याचा ठरलेला प्रश्न येतो: एवढा खर्च केला, जरा बरी मोटर बसवता आली नाही?

माझ्या मते मोटरचा यात फारसा दोष नाही. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या नंतरच्या रोव्हरांचा सपाट, कडक जमिनीवरचा कमाल वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर, म्हणजे तासाला दीडशे मीटर. ऑपॉर्च्युनिटीचा थोडा जास्त. वेग कमीच आहे, पण दीडशे मीटरच्या हिशोबाने रोज चार तास चाललं तरी ४५ किलोमीटर अडीच महिन्यांत संपतात. मग बाकीची वर्षं गेली कुठे?

रेडिओ संदेशाला एका बाजूने जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, मंगळ त्या वेळी किती लांब आहे त्यावर. त्यामुळे जॉयस्टिक धरून गाडी हाकायचा प्रश्नच नाही. म्हणून दिवसभराचा कार्यक्रम एकदाच पाठवतात. तिथे सकाळ झाली की रोव्हर आज्ञा घेतो, त्याप्रमाणे वागतो आणि दुपारनंतर डोक्यावरून जाणाऱ्या ऑर्बिटरकडे, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाकडे, फोटो, मोजमापं सोपवतो. ती पृथ्वीवर आली की बैठक बसते. भूशास्त्रवाल्यांना डावीकडचा दगड हवा असतो, हवामानवाल्यांना आकाशाचे फोटो, आणि बॅटरी सांभाळणारे दोघांच्याही मागण्यांना कात्री लावतात. मग चालक मंडळी जमिनीचं त्रिमितीय चित्र पुढ्यात घेऊन वाट आखतात, तपासतात, आणि पुढच्या सकाळच्या आज्ञा तयार होतात. दिवसाला एक निर्णय. तो चुकला तर गाडी ढकलायला तिथे कोणी नाही.

त्यात मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. दोन्हीकडची घड्याळं रोज चाळीस मिनिटांनी एकमेकांपासून सरकतात. सुरुवातीचे तीनेक महिने मंडळी मंगळाच्या वेळेप्रमाणे कामावर येतात, पुढे ते कोणाच्याच शरीराला झेपत नाही. मग असे आठवडे येतात की तिथली संध्याकाळ इथल्या मध्यरात्री पडते. काल गाडी कुठे थांबली ते कळल्याशिवाय आज पुढे हाकायची नाही, म्हणून दोन सोलचा कार्यक्रम एकदम पाठवतात आणि त्यात चालणं एकदाच. शिवाय दर सव्वीस महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा दोनेक आठवडे आज्ञाच बंद.

तेव्हा वेग वाढवायचा तर रोव्हरला निर्णय स्वतः घेता आले पाहिजेत, असं मला वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

उंटावरचा शहाणा

दिवसभर बैठका आणि संध्याकाळी गाडी आहे तिथेच. हे तर आमच्या हापिसाचं वर्णन झालं.

कोरडा ओढा

वाचनखूण साठवली. एक पुरवणी. स्वतः निर्णय घेणारा रोव्हर ही कल्पना अगदी पहिल्या मंगळ-रोव्हरपासूनची आहे, आणि तो अमेरिकेचा नव्हता. सोव्हिएत संघाच्या मार्स-३ यानाबरोबर १९७१ च्या डिसेंबरात प्रॉप-एम नावाचं साडेचार किलोचं यंत्र मंगळावर गेलं होतं. त्याला चाकं नव्हती, बर्फावर घसरायच्या पट्ट्यांसारख्या दोन पट्ट्यांवर ते पावलं टाकत जाणार होतं, १५ मीटरच्या केबलने यानाला बांधलेलं. पुढे दोन दांडे. दांड्याला काही लागलं की मागे सरायचं आणि वळून जायचं. अडथळा ओळखायची अक्कल एवढीच, पण ती पृथ्वीला न विचारता चालणारी.

यान अलगद उतरलं, काही सेकंद संकेत आले आणि कायमचं गप्प. प्रॉप-एम बाहेर पडलाच नाही. त्यामुळे पहिल्याचा मान १९९७ च्या सोजर्नरला जातो. साडेदहा किलोचा जीव, सात सोल टिकला तरी पुरे म्हणून पाठवलेला, तो ८३ सोल फिरला.

सहावं चाक

धागाकर्त्याशी सहमत, पण "डोकं वाढवा" म्हणणं सोपं आहे. ऑपॉर्च्युनिटीने २० मार्च २००५ ला एका दिवसात २२० मीटर मारले होते. तो उतरला ते मेरिडियानीचं मैदान टेबलासारखं सपाट, त्यामुळे चालकांचाही हात मोकळा झालेला. महिनाभराने, २६ एप्रिलला, रोव्हर वाळूच्या एका बुटक्या लाटेत रुतला. चाकं फिरत राहिली. चाकांच्या फेऱ्या मोजून आपण पुढे चाललोय असं तो समजत होता आणि प्रत्यक्षात तिथल्या तिथे खड्डा खणत होता. पृथ्वीवर कळलं ते सगळं उरकल्यावर. बाहेर काढायला ४ जून उजाडला. त्या जागेला पर्गेटरी म्हणतात. पापं फेडायची जागा, नाव चपखल आहे.

तेव्हापासून भुसभुशीत वाळूत ठरावीक अंतराने थांबायचं, आजूबाजूचे फोटो काढायचे, आधीच्या फोटोंशी ताडून आपण खरंच सरकलो का ते बघायचं आणि घसरण जास्त वाटली तर जागीच थांबायचं, असा शिरस्ता पडला. ही तपासणी रोव्हर स्वतःच करतो, म्हणजे हेही डोकंच झालं. पण या डोक्याने वेग वाढला नाही, कमी झाला!

वेग वाढवणारं डोकं पर्सिव्हरन्सकडे आलं. क्युरिऑसिटीला आपोआप वाट काढता येते, पण थोडं चालायचं, थांबायचं, फोटो काढायचे, गणित करायचं, मग पुन्हा चालायचं. कारण त्याचा मुख्य प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा. किरणोत्सर्ग सोसणारे प्रोसेसर असेच जुनाट असतात. पर्सिव्हरन्समध्ये फोटो चाळायला वेगळा संगणक दिलाय, त्यामुळे तो चालता चालता विचार करतो. त्याने आतापर्यंत कापलेलं बहुतेक अंतर या स्वयंचलनाने कापलंय. कमाल वेग जवळपास तेवढाच, पण मधले थांबे गेले.

वक्रदृष्टी

सगळं वाचलं. कौतुक आहेच, पण एक आकडा कोणी का देत नाही? डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे दोन अंतराळवीर चंद्रावर तीन दिवसांत गाडीने सुमारे ३५ किलोमीटर फिरले. त्यातला एक, हॅरिसन श्मिट, स्वतः भूशास्त्रज्ञ. त्याला चालता चालता पायाखाली नारिंगी माती दिसली, तिथेच खणून नमुना घेतला, विषय संपला. तुमच्या रोव्हरने ती माती आधी लांबून टिपली असती, मग बैठक, मग दोन मीटर पुढे, मग परत बैठक. तीन दिवस विरुद्ध चौदा वर्षं. रोव्हर म्हणजे माणूस पाठवता येत नाही म्हणून केलेली सोय, एवढं मान्य करून टाका.

गोटीराम

वक्रदृष्टी, अपोलो १७ चा मुद्दा बिनतोड आहे. दगडाशी ज्याचा संबंध येतो तो कोणीही, माणूस बरा की रोव्हर बरा, असं विचारलं तर माणूसच म्हणेल. हातोडा मारल्यावर दगडाचा आवाज कसा येतो यावरूनही आम्हाला बरंच कळतं.

पण किलोमीटरने मोजायला माझी हरकत आहे. ऑपॉर्च्युनिटी उतरला तो २२ मीटर रुंदीच्या ईगल नावाच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यातून बाहेर पडायला त्याला जवळपास दोन महिने लागले, आणि मोहिमेचा सगळ्यात मोठा निष्कर्ष, तिथे एकेकाळी पाणी होतं हा, त्या दोन महिन्यांतला आहे. खड्ड्याच्या कडेला थरांचा खडक उघडा पडलेला होता. त्यात जॅरोसाइट सापडलं, हे खनिज पाण्याशिवाय बनत नाही. सगळीकडे हेमॅटाइट या लोहखनिजाच्या बारीक गोळ्या विखुरलेल्या होत्या, त्यांना गमतीने ब्लूबेरी म्हणतात. अंतर जवळजवळ शून्य.

क्युरिऑसिटीचंही तेच. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरला. जायचं होतं माउंट शार्प या डोंगराकडे, पण मंडळींनी त्याला आधी उलट दिशेला नेलं. उतरल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, यलोनाइफ बे नावाच्या सखल भागात, फेब्रुवारी २०१३ मध्ये पहिलं भोक पाडलं. आतली पूड राखाडी निघाली, लाल नाही. ती जुन्या तळ्याच्या तळाची चिकणमाती. पाणी पिण्याजोगं सौम्य असावं, सूक्ष्मजीवांना जगता आलं असतं असं. ज्यासाठी मोहीम काढली त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वर्षाच्या आत, घराच्या अंगणात मिळालं. चांगला खडक मिळाला की भूशास्त्रज्ञ तिथून हलत नाही, मग तो माणूस असो की रोव्हर.

आता माझी आवडती गोष्ट. ऑपॉर्च्युनिटीचा जुळा भाऊ स्पिरिट, गुसेव्ह विवरात. मार्च २००६ मध्ये त्याचं पुढचं उजवं चाक कायमचं अडकलं. सहापैकी एक चाक फिरेना म्हटल्यावर त्याला उलटा चालवायला लागले, निकामी चाक मागे फरफटत. त्या चाकाने मातीत चर पडत गेला. २००७ मध्ये एका चरात पांढरीफटक माती दिसली. तपासली तर सुमारे ९० टक्के सिलिका! अशी माती गरम पाण्याच्या झऱ्यापाशी नाहीतर ज्वालामुखीच्या वाफांच्या तोंडाशी तयार होते. चाक धड असतं तर रोव्हर त्यावरून गेला असता आणि वर लाल धूळच दिसली असती.

मे २०२४ मध्ये क्युरिऑसिटीचंही असंच. नऊशे किलोचं धूड एका दगडावरून गेलं, दगड फुटला आणि आत पिवळे स्फटिक. शुद्ध गंधक! मंगळावर गंधकाचे क्षार पूर्वीपासून माहीत होते, शुद्ध मूलद्रव्य पहिल्यांदाच मिळालं. ते काही कुठल्या बैठकीत ठरवून झालं नव्हतं.

शुक्राची चांदणी

गोटीराम, प्रतिसाद फार आवडला. चर पाडणाऱ्या चाकाची गोष्ट माहीतच नव्हती.

एक बाळबोध शंका. सौर पॅनेलवर धूळ बसून रोव्हर मरतात ना? मग गाडीच्या काचेला असतो तसा एक वायपर का नाही लावत?

उंटावरचा शहाणा

आला, आला! मंगळाच्या प्रत्येक चर्चेत वायपर येतोच. मी वाटच बघत होतो.

सहावं चाक

हसू नका हो, प्रश्न रास्त आहे. वायपर म्हणजे मोटर, वायर, वजन आणि बिघडायला आणखी एक जागा. धूळ पिठाहून बारीक, वर विजेच्या भाराने चिकटलेली. घासली तर पॅनेलवर ओरखडे पडायची भीती. त्यात स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीची मोहीम मुळात ९० सोलची. तेवढ्यात धुळीने किती वीज घटेल याचा हिशोब करून पॅनेल तेवढं मोठं दिलं की काम भागतं. त्याच वजनात एखादं उपकरण बसत असेल तर शास्त्रज्ञ उपकरणच मागणार.

पुढे झालं असं की वाऱ्यानेच झाडलोट केली. मार्च २००५ मध्ये स्पिरिटची पॅनेलं एका झटक्यात साफ झाली आणि वीज भरभरून वाढली. हे कोणी गृहीत धरलेलं नव्हतं. पण वारा दरवेळी कृपा करत नाही. इनसाइट हे एका जागी बसलेलं यान होतं, त्याच्या चमूने २०२१ मध्ये वेगळीच शक्कल लढवली: यंत्रहाताने आणखी वाळू उचलून पॅनेलजवळ वाऱ्यावर सोडायची. वाळूचे जाड कण उड्या मारत जाताना बारीक धुळीला घेऊन जातात. थोडी वीज वाढलीही! पण २०२२ च्या अखेरीस ते धुळीनेच गेलं. चीनचा झुरोंगही तसाच. मे २०२१ मध्ये युटोपिया मैदानात उतरला, वर्षभरात १,९२१ मीटर चालला, मे २०२२ मध्ये हिवाळ्यासाठी झोपवला तो उठलाच नाही. धूळ अपेक्षेपेक्षा जास्त साचली असावी, असं त्यांच्या मुख्य संकल्पकाने नंतर सांगितलं.

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्सला हा त्रास नाही, ते प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतात. पण त्यातून मिळणारी वीज सुरुवातीला सुमारे ११० वॅट, आणि ती दरवर्षी घटते. जुना पिवळा बल्ब लागेल, एवढीच. तिने रात्रभर बॅटरी भरायची आणि दिवसा खर्च करायची. धागाकर्त्याच्या यादीत हे कारण राहिलंय: चालणं, भोक पाडणं आणि गरम राहणं यांचं भांडण रोज एकाच बॅटरीवरून असतं.

झुळूक

धुळीवरून आठवलं. ऑपॉर्च्युनिटीचा तो शेवटचा संदेश, "माझी बॅटरी संपत आलीये आणि अंधार पडतोय", वाचून मी चक्क रडले होते.

कोरडा ओढा

झुळूक ताई, ते वाक्य रोव्हरने पाठवलेलं नाही. रोव्हर वाक्यं पाठवत नाहीत, आकडे पाठवतात. शास्त्रज्ञांच्या बोलण्याचा मथितार्थ एका पत्रकाराने २०१९ मध्ये ट्वीट केला आणि जगाने तो संदेश समजून घेतला.

झुळूक

मग खरा शेवटचा संदेश काय होता?

कोरडा ओढा

मे २०१८ च्या अखेरीस धुळीचं वादळ उठलं, ते पुढे सगळ्या ग्रहावर पसरलं. आठवडाभरात रोव्हरची रोजची वीज ६०० वॅट-तासांच्या वरून घसरत गेली आणि १० जूनला उरली फक्त २२ वॅट-तास. हवा किती गढूळ आहे त्याचाही आकडा असतो. २००७ च्या मोठ्या वादळात तो साडेपाचाच्या आसपास होता, या वेळी १०.८. म्हणजे भरदुपारी सूर्य दिसेनासा. त्यानंतर हजाराहून जास्त आज्ञा पाठवून बघितल्या, १२ फेब्रुवारी २०१९ ला शेवटची. उत्तर नाही.

मला विचाराल तर रडण्याजोगे तर हे आकडेच आहेत.

अमावस्या

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचं नाव कसं नाही आलं अजून? चंद्र ग्रह नाही, ठाऊक आहे, तरी.

धूळवारा

उलट इथे तुलनेला तोच चांगला. चंद्रावर संदेश सेकंद-सव्वा सेकंदात पोचतो, तरी प्रज्ञान रांगतच होता. कॅमेऱ्याने समोरचे काही मीटर बघायचे, त्यावरून जमिनीचा नकाशा करायचा, तेवढीच वाट आखायची. २७ ऑगस्ट २०२३ ला तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला तेव्हा त्याला मागे फिरवलं. २६ किलोचा रोव्हर, हाताशी एक चांद्रदिवस, म्हणजे आपले चौदा दिवस. तेवढ्यात शंभर मीटर चालून गंधकाची नोंद करून झोपला. संदेशाचा उशीर गेला तरी पुढचं न दिसण्याची अडचण राहतेच.

शुक्राची चांदणी

आणि माझ्या शुक्रावर कोणी रोव्हर का नाही पाठवत? दिसतो तर केवढा जवळ.

कोरडा ओढा

साडेचारशे अंशांच्या वर तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब. तिथे सगळ्यात जास्त वेळ तग धरणाऱ्यांपैकी सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ यान, मार्च १९८२. ते १२७ मिनिटं टिकलं. तेवढ्यात मंगळावरच्या मंडळींची बैठकही आटोपत नाही.

वक्रदृष्टी

गोटीरामांनी छान समजावलं. तरी माझा मुद्दा तसाच आहे, फक्त जरा वळवतो. पर्सिव्हरन्स फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नळ्यांमध्ये नमुने भरतोय. दहा नळ्या तर थ्री फोर्क्स नावाच्या जागी जमिनीवर ठेवूनही दिल्या. त्या आणणार कोण? २०२४ मध्ये नासानेच सांगितलं की ठरल्या पद्धतीने आणायच्या तर खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत आणि साल २०४०. चेयावा फॉल्स नावाच्या दगडावर बिबट्यासारखे ठिपके सापडलेत, ते जुन्या सूक्ष्मजीवांचे असू शकतात म्हणतात. खात्री करायला नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत हवा. म्हणजे शेवटी गाडं अडलंय ते माणसाच्या हातापाशीच ना?

गोटीराम

प्रयोगशाळेबद्दल पूर्ण सहमत. खोलीभर मावणारी यंत्रं रोव्हरवर चढवता येत नाहीत. पण तो हात मंगळावर न्यायचा म्हटलं तर माझी भीती वेगळी आहे. माणूस म्हणजे अब्जावधी जंतूंचं चालतं गाठोडं. रोव्हर निर्जंतुक खोलीत बांधतात, पुसून, तापवून पाठवतात. माणसाला तापवता येत नाही. तिथे जीव शोधायला जायचं आणि आपलेच जंतू सापडायचे, हा घोळ निस्तरणार कोण? ज्या दगडावर ठिपके आहेत त्याच्याजवळ तरी आधी यंत्रानेच जावं. वाद सुटला असं म्हणत नाही, पण क्रम असा असावा.

अमावस्या

क्युरिऑसिटीच्या चाकांना भोकं पडली होती ना? त्याचं काय झालं? की चाकं निखळेपर्यंत चालवणार?

सहावं चाक

भोकं २०१३ मध्येच दिसायला लागली. चाकं अ‍ॅल्युमिनियमची, पकडीसाठी वर काढलेल्या कड्यांच्या मधला पत्रा जाडीला फक्त पाऊण मिलिमीटर. वजन वाचवायचं होतं. गेलमधले काही दगड वाऱ्याने तासून टोकदार झालेले आणि जमिनीत घट्ट रुतलेले. सुटा दगड असता तर सरकला असता, हा हलत नाही. बाकीची पाच चाकं ढकलत राहतात आणि सहावं त्या टोकावर दाबलं जातं. मग वाटा बदलल्या, मऊ जमीन शोधून चालवायला लागले आणि २०१७ मध्ये नवं सॉफ्टवेअर चढवलं, जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे प्रत्येक चाकाचा वेग बदलणारं. पर्सिव्हरन्सला जाड पत्र्याची, थोड्या मोठ्या व्यासाची पण अरुंद चाकं दिली, २४ कड्यांऐवजी ४८. भोकांचा प्रश्न तिथे मिटल्यासारखा आहे.

झुळूक

आणि वाळूत रुतण्याचा? स्पिरिट तर रुतूनच गेला ना?

सहावं चाक

हो, एप्रिल-मे २००९ मध्ये. वरचा पापुद्रा फुटला आणि खालच्या भुसभुशीत मातीत बसला. एक चाक आधीच निकामी, नंतर आणखी एक गेलं. हिवाळ्यापूर्वी पॅनेलं सूर्याकडे कलती करता आली नाहीत. २२ मार्च २०१० नंतर बोलला नाही.

त्यावर नव्या पिढीतलं एक उत्तर युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरमध्ये आहे. तो रशियाबरोबर २०२२ मध्ये जाणार होता, युद्धामुळे ते फिसकटलं, आता २०२८ चं उड्डाण ठरलंय. त्याची चाकं नुसती फिरत नाहीत. प्रत्येक चाकाचा पाय वेगळा पुढेमागे करता येतो. म्हणजे वाळूत अडकला तर पाच चाकं रोवून सहावं उचलल्यासारखं पुढे टाकायचं, मग पुढचं. वेग आणखी कमी होणार, धूळवारा साहेब, त्याची तयारी ठेवा. पण त्याचं ड्रिल दोन मीटर खोल जाणार आहे. क्युरिऑसिटीचं भोक पाचेक सेंटिमीटरचं असतं, आणि वरच्या थरातले सेंद्रिय रेणू किरणोत्सर्गाने मोडतात.

गोटीराम

दोन मीटर! मग मला त्याने महिनाभर एका जागेवरून हललं नाही तरी चालेल.